उचल, बाकी आणि बंधन : धनी व नोकर यांच्यातील कर्जव्यवहाराचा ऐतिहासिक मागोवा

व्यापाऱ्याच्या खतावणीत मालाची खाती असतात, गिऱ्हाइकांची खाती असतात, व्याजबट्ट्याची खाती असतात; आणि त्यांच्याच मागे कोठेतरी एखाद्या पानावर नोकरांच्या उचलीचे खाते असते. पेढीवरील दिवाणजी, काट्यावरचा तोलार, गोणी वाहणारा हमाल, कापडाचे तागे उलगडून दाखविणारा गुमास्ता यांच्या नावे वेळोवेळी दिलेल्या लहानमोठ्या रकमा तेथे मांडलेल्या असतात. कोणाच्या घरी लग्न निघालेले असते, कोणाकडे आजारपण, तर कोणाला जून महिन्यात मुलाची फी भरावयाची असते. एकूण उलाढालीच्या मानाने ही रक्कम किरकोळ असल्यामुळे या खात्याचा विचार सहसा कोणी गांभीर्याने करीत नाही. वास्तविक धनी आणि नोकर यांचे नाते कसे आहे हे जितके या एका पानावरून समजते, तितके ते वहीच्या अन्य कोणत्याही पानावरून समजत नाही.

आपल्या समाजातील बहुसंख्य कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या व्यापारउदिमात असल्याने नोकराला कर्ज द्यावे की देऊ नये, हा प्रश्न आपल्या परिचयाचा आहे. याविषयी दोन मते ऐकू येतात. एका मताप्रमाणे नोकराला कधीही उसने देऊ नये; त्यामुळे पैसा जातो आणि माणूसही जातो. दुसऱ्या मताप्रमाणे वर्षानुवर्षे आपल्याकडे राबणाऱ्या माणसाच्या अडीनडीला आपण उभे राहिलो नाही, तर त्याने कोणाच्या दारी जावे? दोन्ही मतांमागे अनुभव आहे. तथापि गेल्या दीडशे वर्षांतील या व्यवहाराचा इतिहास पाहिला असता असे आढळते की, कर्ज दिल्यामुळे नोकराचे अहित क्वचितच झाले आहे. कर्ज फिटेपर्यंत त्याने दुसरीकडे जाता कामा नये, ही लिखित वा अलिखित अट जेव्हा त्या कर्जाला जोडली गेली, तेव्हा मात्र मदतीचे रूपांतर बंधनात झाले. हा फरक कसकसा उलगडत गेला, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

ऋणातून दास्य

कर्ज आणि दास्य यांचा संबंध फार पुरातन आहे. नारदस्मृतीमध्ये दासांचे पंधरा प्रकार सांगितले आहेत. युद्धात जिंकलेला, घरात जन्मलेला, विकत घेतलेला यांच्या जोडीला ऋणामुळे दास झालेला मनुष्यही तेथे गणला आहे. ऋण फेडल्यावर त्याची सुटका व्हावी, अशी तरतूदही स्मृतिकारांनी केली होती. परंतु ज्याच्याजवळ स्वतःच्या श्रमांखेरीज काहीच नाही आणि ते श्रमच ज्याने गहाण टाकले आहेत, त्याने ऋण फेडावे कशाने, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

महाराष्ट्रात याचे एक उदाहरण अगदी अलीकडच्या काळापर्यंत टिकून होते. तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील डहाणू आणि उंबरगाव या तालुक्यांत (डहाणू आज पालघर जिल्ह्यात आणि उंबरगाव गुजरातमध्ये आहे) वारली समाजातील तरुण लग्नाच्या खर्चासाठी जमीनदाराकडून थोडी रक्कम उचलत असे. त्या मोबदल्यात तो स्वतः आणि त्याची नवपरिणीत पत्नी, दोघांनाही जमीनदाराकडे राबावे लागे. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. रक्कम लहान असे, पण केलेल्या कामाची मजुरी धरून ती वळती करण्याची रीत नसल्यामुळे ती फिटत नसे. १९४५ साली किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी या पद्धतींविरुद्ध उठाव केला. गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या आपल्या पुस्तकात त्याची हकीकत लिहिली आहे.

या पद्धतीतील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. कर्जाचे निमित्त मंगल होते. लग्नकार्यासाठी पैसे देणारा जमीनदार स्वतःला उपकारकर्ता समजत असणार आणि घेणाऱ्यालाही त्या क्षणी तसेच वाटले असणार. एवढ्याने त्या व्यवहाराचे स्वरूप बदलले नाही. देणाऱ्याच्या मनातील भावना कशीही असो, घेणाऱ्याला पुढे काय भोगावे लागते यावरूनच अशा कर्जाची पारख करावी लागते.

कायदा धन्याच्या हाती होता तेव्हा

ग्रामीण भागात जे रूढीने चालत होते, त्याला शहरांत ब्रिटिश सरकारने कायद्याचे बळ दिले. १८५९ चा तेरावा कायदा हा कामगारांच्या करारभंगाविषयीचा कायदा होय. कलकत्त्यातील युरोपीय व्यावसायिकांच्या संघटनेने केलेल्या मागणीतून तो झाला. कारागीर आणि मजूर आगाऊ रक्कम घेतात आणि काम न करता निघून जातात, अशी या मंडळींची तक्रार होती. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन शहरांसाठी झालेला हा कायदा पुढे इतर प्रदेशांनाही लागू करण्यात आला आणि आसामातील चहामळ्यांत त्याचा मोठा वापर झाला.

या कायद्याचे स्वरूप समजून घेण्यासारखे आहे. आगाऊ रक्कम घेतलेल्या कामगाराने ठरलेले काम टाळले, तर धन्याने दंडाधिकाऱ्याकडे जावे. कामगाराने रक्कम परत करावी की काम पुरे करावे, यांपैकी काय मागावयाचे ते धन्याने ठरवावे. दंडाधिकाऱ्याचा हुकूम कामगाराने पाळला नाही, तर त्याला तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा होऊ शके. एरवी दोन व्यापाऱ्यांमधील करार मोडला तर दिवाणी दावा होतो आणि नुकसानभरपाई मागितली जाते. परंतु काही रुपयांची उचल घेतलेल्या मजुराला त्याच गोष्टीसाठी तुरुंगात जावे लागे. कर्ज देणारा आणि काम देणारा एकच असला म्हणजे त्याच्या हाती केवढी सत्ता येते, हे या कायद्यावरून दिसून येते. हा कायदा १९२५ साली रद्द ठरविण्यात आला आणि १ एप्रिल १९२६ पासून तो अस्तित्वात राहिला नाही. म्हणजे सहासष्ट वर्षे उचल घेतलेल्या मजुराच्या डोक्यावर तुरुंगाची टांगती तलवार होती.

सुप्याचा धडा

याच काळात दख्खनमध्ये जे घडले, त्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तो व्यवहार धनी-नोकर यांचा नव्हता, सावकार आणि शेतकरी यांचा होता. तरीही हिशेबाची वही एकाच पक्षाच्या हाती राहिली म्हणजे काय होते, याचे ते मोठे उदाहरण आहे.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात हिंदी कापसाला विलक्षण भाव आला आणि शेतकऱ्याची पतही वाढली. युद्ध संपताच भाव कोसळले. कर्जे मात्र तशीच राहिली. नवे कर्ज देताना जुने मुद्दल आणि साचलेले व्याज मिळून नवा दस्तऐवज लिहून घेण्याची रीत पडली होती. निरक्षर कुणबी कागदावर निशाणी करी आणि त्यात काय लिहिले आहे हे केवळ सावकाराला ठाऊक असे. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील कर्डे येथे सावकारांवर सामाजिक बहिष्कार सुरू झाला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी जमावाने सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला आणि हे लोण नगर जिल्ह्यातही पोहोचले. ज्यांच्यावर रोष होता ते सावकार मुख्यतः गुजराती आणि मारवाडी होते. लोकांचा रोख दस्तऐवजांवर होता. कागद हाती आले की ते जाळीत, आणि ते मुकाट्याने मिळाले तेथे सावकाराच्या जिवाला सहसा धक्का लागला नाही.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी झालेल्या या कायद्याने कर्जापायी अटक करण्याची पद्धत बंद केली. दस्तऐवजावरील आकडा प्रमाण न मानता मूळ व्यवहार काय होता हे तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. रक्कम पोहोचल्याची पावती देणे, हिशेबाचा वार्षिक उतारा देणे आणि ऋणकोने मागितल्यास त्याला खातेपुस्तक देणे ही सावकाराची जबाबदारी ठरली. व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये, हा 'दामदुप्पट'चा नियम तर आपल्या परंपरेत आधीपासूनच होता.

एकशे चाळीसहून अधिक वर्षांपूर्वीच्या या तरतुदींचे सार एका वाक्यात सांगता येते : देणाऱ्याच्या वहीत जे लिहिले आहे, तेच घेणाऱ्याच्या हातातील कागदावर असले पाहिजे. आजही किती दुकानांत नोकराकडे त्याच्या उचलीचा स्वतंत्र हिशेब असतो, याचा विचार प्रत्येकाने आपापल्या मनाशी करावा.

गिरणीच्या दारात

विसाव्या शतकात मुंबई हे गिरण्यांचे शहर झाले. १९२९ साली जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली शाही कामगार आयोग नेमण्यात आला. कामगारनेते ना. म. जोशी त्याचे सदस्य होते. आयोगाने १९३१ साली अहवाल सादर केला. त्यातील कामगारांच्या कर्जबाजारीपणावरील विवेचन आजही वाचनीय आहे. बहुतेक औद्योगिक केंद्रांत किमान दोनतृतीयांश कामगार कुटुंबे कर्जात आहेत आणि बहुसंख्य प्रकरणी कर्जाची रक्कम तीन महिन्यांच्या वेतनाहून अधिक आहे, असा आयोगाचा अंदाज होता. दर रुपयास दरमहा एक आणा हा व्याजाचा नेहमीचा दर होता. सोळा आण्यांच्या रुपयाला महिन्याला एक आणा म्हणजे शंभर रुपयांना सव्वासहा रुपये आणि वर्षाला पंचाहत्तर रुपये. काही ठिकाणी दर याहूनही चढे होते.

कर्जाचे सर्वांत मोठे कारण लग्नादी समारंभ हे होते, असे आयोगाने नमूद केले. पण दुसरे एक कारण धनिकवर्गाच्या लक्षात सहसा येत नसे. गिरण्यांत पगार महिन्याने होई आणि तोही पुढील महिन्याच्या मध्याच्या सुमारास हाती पडे. एक तारखेला कामावर लागलेल्या माणसाला पहिला पैसा दिसण्यास सुमारे सहा आठवडे लागत. तेवढा काळ तो वाण्याच्या उधारीवर किंवा पठाणाच्या कर्जावर जगे. शिवाय नोकरी लावून देणाऱ्या जॉबरला दस्तुरी द्यावी लागे, ती वेगळीच. म्हणजे गिरणीवर काम करणारा मजूर आपले सहा आठवड्यांचे श्रम मालकाला बिनव्याजी उधार देत होता आणि स्वतः मात्र पंचाहत्तर टक्के व्याजाने कर्ज काढीत होता. पगार आठवड्याने द्यावा, अशी शिफारस आयोगाने केली, ती यामुळेच.

लहान व्यावसायिकाने या मुद्द्यावर थोडे थांबावे. नोकर वारंवार उचल मागतो अशी तक्रार करण्यापूर्वी आपल्याकडे पगार ठरलेल्या दिवशी होतो काय, हे पाहिले पाहिजे. महिन्याच्या सात तारखेऐवजी पंधरा तारखेला पगार करणाऱ्या पेढीवर उचलीचे खाते फुगलेले दिसते. त्यात नोकराच्या उधळेपणाचा वाटा किती आणि पेढीच्या दिरंगाईचा किती, हे तपासण्याची रीत मात्र नाही.

आयोगाने आणखी एक विदारक गोष्ट उजेडात आणली. अमृतसर, अहमदाबाद, मद्रास अशा एकमेकांपासून दूर असलेल्या ठिकाणी आईबापांनी आगाऊ रक्कम घेऊन आपली मुले कारखानदारांकडे कामासाठी गहाण ठेवल्याचे पुरावे आयोगासमोर आले. त्यानंतर १९३३ साली मुलांचे श्रम गहाण ठेवण्यास बंदी करणारा कायदा झाला आणि पंधरा वर्षांखालील मुलाविषयीचा असा करार रद्दबातल ठरला.

पर्यायी मार्ग शोधणारेही होते. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने समान व्यवसायातील माणसांना एकत्र येऊन बचत आणि कर्ज यांची सोय करणे शक्य झाले. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने मुंबईच्या कामगारांमध्ये सहकारी पतपेढ्या काढण्याचे काम केले. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटा यांनी १८८६ मध्येच निवृत्तिवेतन निधी सुरू केला होता. या दोन्ही प्रयत्नांत एक समान सूत्र होते. अडचणीच्या वेळी कामगाराला ज्या पैशांचा आधार मिळावयाचा, त्यावर धन्याची वैयक्तिक मर्जी चालू नये.

कायद्याची बदललेली दिशा

आयोगाच्या शिफारशींतून १९३६ चा वेतन प्रदान कायदा आला. पगार कधी द्यावा आणि त्यातून काय कापावे, हे प्रथमच निश्चित झाले. एक हजाराहून कमी कामगार असलेल्या ठिकाणी पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत आणि इतरत्र दहा तारखेच्या आत पगार देणे बंधनकारक झाले. उचलीची वसुली पगारातून करण्यास मुभा राहिली, पण ती नियमांनी बांधली गेली. उदाहरणार्थ, कामावर येण्यासाठी दिलेला प्रवासखर्च कापून घेता येणार नाही, असे ठरले.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने बेगार आणि सक्तीचे श्रम यांना मनाई केली. तरीही कर्जापोटी राबविण्याची पद्धत चालूच राहिली. अखेर २५ ऑक्टोबर १९७५ पासून वटहुकमाने आणि पुढे १९७६ च्या कायद्याने वेठबिगारीचे उच्चाटन करण्यात आले. या कायद्याने वेठबिगारीपोटीची सर्व कर्जे फेडण्याची जबाबदारीच नाहीशी केली. असे कर्ज वेठबिगारीचे नाही, हे सिद्ध करण्याचा भारही धनकोवर टाकला.

वेठबिगारी कशास म्हणावे, याची व्याख्या या कायद्यात विस्ताराने दिली आहे आणि ती प्रत्येक धन्याने जाणून घेण्यासारखी आहे. साखळदंड, मारहाण किंवा कोंडून ठेवणे एवढ्यापुरती ती मर्यादित नाही. घेतलेल्या आगाऊ रकमेपायी एखाद्याला विनामोबदला वा नाममात्र मोबदल्यावर राबावे लागत असेल, दुसरीकडे नोकरी करण्याचे स्वातंत्र्य गमवावे लागत असेल, किंवा मोकळेपणाने कोठे जाता येत नसेल, तर तीही वेठबिगारीच ठरते. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम करावे लागणे हे सक्तीचे श्रम होत, असा निर्णय दिला. १९८३ साली फरीदाबादच्या दगडखाणींतील मजुरांच्या प्रकरणात, सक्तीचे श्रम दिसून आले तर ते आगाऊ रकमेपायीच आहेत असे गृहीत धरावे, असे न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी म्हटले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून २०१९ ची वेतन संहिता अमलात आली असून १९३६ च्या कायद्याची जागा तिने घेतली आहे. लहान दुकाने आणि आस्थापनाही तिच्या कक्षेत येतात. मासिक पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावयाचा आहे. सर्व कपाती मिळून वेतनाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. नोकरी सुटल्यास राहिलेले वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करावयाचे आहे. उचल फिटेपर्यंत पगार अडकवून ठेवण्याची जुनी चाल यापुढे कायद्याला मान्य नाही.

कायदे झाले म्हणून पद्धती संपतात असे नाही. महाराष्ट्रातील ऊसतोडीचे उदाहरण सर्वांसमोर आहे. हंगामापूर्वी मुकादमाच्या हातून उचल घ्यावयाची, नवरा-बायकोने मिळून एक 'कोयता' म्हणून फडावर जावयाचे आणि तोडलेल्या उसाच्या हिशेबाने ती फेडावयाची, अशी ही रीत आहे. पाऊस, आजारपण किंवा बाळंतपण यामुळे काम कमी पडले की उरलेली रक्कम 'बाकी' म्हणून पुढील हंगामावर जाते आणि त्याच मुकादमाकडे पुन्हा जावे लागते. उचल आणि बाकी हे दोन साधे शब्द. पण पहिल्यातून दुसरा निघाला आणि तो पुढील वर्षाला चिकटला, की बंधन तयार होते.

श्रावकाचाराची दृष्टी

हा इतिहास वाचताना आपल्या आचारग्रंथांतील काही संज्ञा वेगळ्या प्रकाशात दिसू लागतात. द्रव्य व्याजी लावण्याला आपल्या परंपरेने सरसकट निषिद्ध मानलेले नाही. उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाचे बारा कोटींचे धन तीन भागांत होते : चार कोटी निधानात, चार कोटी व्याजी आणि चार कोटी घरवैभवात. भगवान महावीरांसमोर व्रते घेताना त्याने या सर्वांची मर्यादा बांधून घेतली. व्यवहार चालू ठेवावा, पण त्यास सीमा असावी, हा त्याचा आशय.

ही सीमा माणसांनाही लागू होते. परिग्रहपरिमाण व्रताच्या अतिचारांत जमीन-घर, सोने-चांदी, धन-धान्य यांच्या बरोबरीने दास-दासींची मर्यादा ओलांडणेही सांगितले आहे. म्हणजे दुसऱ्या माणसाच्या जीवनावर आपला ताबा असणे हा परिग्रह होय. कर्ज फिटेपर्यंत नोकर आपलाच, असे जो मानतो, त्याचा परिग्रह त्या उचलीच्या खात्याबरोबर वाढत असतो. अहिंसाणुव्रताचे अतिचार पाहावेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. यांतील 'बंध' केवळ दोरीचा नसतो, हे १९७६ च्या कायद्याने सांगण्याच्या कितीतरी आधी आपल्याला समजू शकले असते. पगाराचा निम्म्याहून अधिक भाग कापून नोकराच्या घरची चूल अडविणे हे अन्नपाननिरोधापासून फार दूर नाही. कोऱ्या कागदावर सही घेणे हे सत्याणुव्रतातील कूटलेखक्रियेच्या वाटेवरचे पाऊल आहे. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात केशवाणिज्याचे स्पष्टीकरण करताना चतुष्पादांबरोबर द्विपादांच्या विक्रीचाही समावेश केला आहे. एका धन्याने दुसऱ्या धन्याची बाकी चुकवून मजूर आपल्याकडे वळवावा आणि ती रक्कम पुन्हा मजुराच्याच नावे मांडावी, या प्रकाराला दुसरे कोणते नाव द्यावे?

त्याच योगशास्त्रात गृहस्थाच्या पस्तीस गुणांमध्ये न्यायाने मिळविलेले वैभव अग्रस्थानी आहे आणि आपल्यावर अवलंबून असलेल्यांचे पोषण करणे हाही त्यांपैकीच एक गुण आहे. तेव्हा नोकराच्या अडचणीकडे पाठ फिरविण्याला येथे आधार मिळत नाही. द्यावे, हे सांगितलेच आहे. कसे द्यावे, एवढाच विचार उरतो.

पेढीवर आचरण्याजोगे काही

या साऱ्या इतिहासातून लहान व्यावसायिकाला उपयोगी पडतील अशा काही गोष्टी निघतात.

पहिली गोष्ट, उचल, कर्ज आणि साहाय्य या तिन्हींची खाती वेगळी असावीत. झालेल्या कामाच्या पगारापैकी काही भाग आधी देणे ही उचल. ती त्याच्याच कमाईची रक्कम आहे आणि त्या महिन्यात फिटते. पुढील अनेक महिन्यांच्या पगारातून परत घ्यावयाचे ते कर्ज. आणि परत येणार नाही हे देतानाच कळते ते साहाय्य. ते धर्मादाय खात्यात लिहावे आणि नोकराला तसे सांगून टाकावे. मनात साहाय्य समजून दिलेली रक्कम वहीत कर्ज म्हणून ठेवली, तर वर्षानुवर्षे ती दोघांच्याही मनात सलत राहते.

दुसरी गोष्ट, कर्जावर व्याज घेऊ नये आणि रक्कम दोन-तीन महिन्यांच्या पगाराहून अधिक असू नये. आयोगाने पाहिलेल्या कामगारांचा कर्जबाजारीपणा तीन महिन्यांच्या वेतनापलीकडे गेला होता, हे ध्यानात ठेवावे. समजा, एखाद्याचा पगार बारा हजार आहे आणि त्याने चोवीस हजार घेतले. दरमहा दोन हजार कापले तर वर्षभरात कर्ज फिटते आणि दहा हजार घरी जातात. कायद्याच्या मर्यादेत राहून दरमहा सहा हजार कापले, तर चार महिन्यांत आपली रक्कम वसूल होईल. पण तो माणूस तेवढ्या काळात दुसऱ्या सावकाराच्या दारी गेलेला असेल. अधिक मोठी गरज असेल, तेव्हा त्याला बँकेपर्यंत वा पतसंस्थेपर्यंत नेणे, कागदपत्रे पूर्ण करून देणे, रुग्णालयात शासकीय योजनेची चौकशी करणे हे पैशांपेक्षाही मोलाचे साहाय्य ठरते.

तिसरी गोष्ट, हिशेबाची प्रत नोकराच्या हाती असावी आणि प्रत्येक हप्ता तिच्यावर नोंदविला जावा. कोरा धनादेश, कोरा मुद्रांक, मूळ प्रमाणपत्र, शिधापत्रिका किंवा एटीएम कार्ड तारण म्हणून ठेवून घेऊ नये. असे तारण व्यवहाराला बळकटी देते असे वाटते. वस्तुतः सुप्याला ज्या कागदांची होळी झाली, त्याच जातीचे हे कागद आहेत.

चौथी गोष्ट सर्वांत कठीण आणि सर्वांत महत्त्वाची. कर्ज बाकी असताना नोकर सोडून जाऊ इच्छित असेल, तर त्याला जाऊ द्यावे. त्याचे वेतन चुकते करावे, कायद्याने कापता येईल तेवढेच कापावे आणि उरलेली रक्कम सामान्य ऋण म्हणून, त्याच्या सोयीच्या हप्त्यांनी मागावी. येथे कोणी विचारील की, असे केले तर पैसे बुडतील आणि मग कोणी धनी नोकराला कर्ज का देईल? शंका रास्त आहे. काही रकमा बुडतील, हे मान्य केले पाहिजे. परंतु गिऱ्हाइकाला उधारी देताना काही बुडीत धरूनच आपण व्यापार करतो. बुडाली तरी पेढी डळमळणार नाही एवढीच रक्कम द्यावी, म्हणजे ती वसूल करण्यासाठी माणसाला अडकवून ठेवण्याचा मोह होत नाही. शिवाय ज्या ठिकाणाहून केव्हाही जाता येते, तेथे मनुष्य स्वखुशीने राहतो. बाकीपायी राहिलेल्या नोकराच्या हातून गल्ला सुरक्षित राहील, असा भरवसा कोणत्याही अनुभवी व्यापाऱ्याला वाटणार नाही.

याखेरीज एकाच बाजारपेठेतील दुकानदारांनी मिळून आपापल्या नोकरांसाठी सामाईक पतसंस्था काढली, तिच्यात नोकर आणि मालक दोघांनीही दरमहा थोडी रक्कम घातली, तर कर्ज मागण्यासाठी कोणाला धन्यापुढे हात पसरावा लागणार नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये सभासदाच्या संमतीने पगारातून संस्थेचा हप्ता कापण्याची सोय आहेच. धन्याने नोकरी द्यावी, कर्ज संस्थेने द्यावे. या दोन सत्ता वेगवेगळ्या हाती राहिल्या म्हणजे १८५९ च्या कायद्याने जे घडविले ते घडत नाही.

आपल्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात समाजाच्या पूर्वपुण्याईचे स्मरण होत असताना, ज्यांच्या श्रमांवर आपल्या पेढ्या उभ्या राहिल्या त्या गुमास्त्यांचे, हमालांचे आणि दिवाणजींचे स्मरणही उचित होय. येत्या दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी प्रत्येक दुकानदाराने नोकरांच्या उचलीचे पान एकदा उघडावे. ज्या रकमा वर्षानुवर्षे पुढे ओढल्या जात आहेत, त्यांपैकी ज्या येण्यासारख्या नाहीत त्या माफ करून तसे संबंधितांस सांगावे, आणि ज्या येणे आहेत त्यांचा हिशेब लिहून त्यांच्या हाती द्यावा. नव्या वहीचे ते पान स्वच्छ असेल, तर शुभ-लाभ लिहिताना हात अधिक निःशंक राहील.